आपल्या हातची वात

पारापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्या पार गंगेच्या उतारापर्यंत सोडलेल्या, बैल चिंचेखाली रवंथ करतायत, आणि पिंपळाभोवती बायाच बाया. प्रत्येकीच्या हातात तुपाचा तांब्या. सोनपेठच्या आठवडी बाजाराला होत नाही एवढी माणसं एका माणसाचं तोंड बघायला लोटली होती. त्या माणसाचं नाव समईबाबा.

मी तिथं मुराळी म्हणून गेलो होतो. सत्तावन्न सालची दिवाळी. मी सेलूच्या शाळेत मास्तर, आणि माझी धाकटी बहीण कोकिळा सोनपेठच्या अलीकडे, गोदावरीकाठच्या ह्या गावात दिलेली. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. तिला दिवाळीला माहेरी न्यायला आलो, तर घराला कडी. शेजारीण म्हणाली, समदे पारावर गेलेत, तुमच्या बहिणीचाच तर आज मान हाय. कसला मान ते मला कळेना. खांद्यावरची पिशवी तशीच घेऊन मी पारावर गेलो.

बाबाची मांडणी बघण्यासारखी होती. पुरुषभर उंच पितळी समई. तिच्यापुढे चौरंग, चौरंगावर लाल वस्त्र, वस्त्रावर एक चांदीची डबी. चौरंगाचे चारही पाय पाण्याच्या चार वाट्यांत ठेवलेले. ते चार समुद्र आहेत आणि मधे देवीचं बेट आहे, असं बाबा सांगत होता. माणसं त्या वाट्यांना हात लावून तो हात डोळ्यांना लावत होती.

मग बाबानं डबी उघडली. चिमटीत धरून एक पांढरी वात काढली, सगळ्यांना दाखवली आणि काचेच्या पेल्यातल्या कोमट पाण्यात सोडली. मागच्यांनी टाचा उंचावल्या. वात पाण्यात जरा हलली, बारीक झाली, आणि बघता बघता दिसेनाशी झाली. बायांनी हात जोडले. बाबानं पेला उंच धरून पिंपळाच्या मुळाशी रिता केला आणि सुरू झाला.

"देवळात दिवा लावायचा तर वात कुठं असती? समईत. वंशाचा दिवा लावायचा तर वात कुठं पायजे? पोटात! डॉक्टर गोळी देतो, हकीम पुडी देतो. वात कोण देतं? घरचा कापूस, घरचं तूप, सासूच्या हातचा पीळ. रोज सकाळी अनशापोटी एक गिळायची. देवी आपल्या हातानं पेटवती."

हा सगळा पाढा त्यानं एका दमात म्हटला. आमच्या शाळेतली पोरं पावकी इतकी घडाघडा म्हणत नाहीत. मी मनातल्या मनात हसलो. पुढच्याच क्षणी माझं हसू जागच्या जागी जिरलं, कारण बाबानं गर्दीतून एका बाईला पुढं बोलावलं. पेटलेली समई बघा, म्हणाला. ती कोकिळा होती.

वर्षानं बघत होतो मी तिला. हाताच्या काड्या झालेल्या, गालफडं बसलेली, डोळे खोल. आणि पदराखाली वर आलेलं पोट. लग्नाला सात वर्षं झाली होती तिच्या. सात वर्षं तिनं काय काय ऐकून घेतलं होतं ते मला ठाऊक होतं. आज अख्खा पार तिच्या पोटाला नमस्कार करत होता, आणि ती लाजून खाली बघत होती.

घरी आल्यावर तिच्या सासूनं, धुरपताबाईनं, मला आधी साखर दिली मग पाणी दिलं. आनंद बाईच्या पोटात मावत नव्हता. खरं सांगायचं तर धुरपताबाई काही छळणारी सासू नव्हती. सून सासरी आल्यापासून तिला लेकीसारखं वागवलेलं. मुलाचं दुसरं लग्न कर म्हणणाऱ्या भावकीला तिनं दारातून परत पाठवलं होतं. म्हणून तर पुढचं सगळं मला जास्त लागलं. चैत्रापासून ती रोज दिवेलागणीला आपल्याच रानातला कापूस घेऊन बसायची, सरकी वेचून काढायची आणि वात वळायची. बाबानं सांगितलं होतं करंगळीएवढी. ही वळायची अंगठ्याएवढी. देवाच्या कामात हात कशाला आखडायचा, म्हणाली.

मी विचारलं, कोकिळा जेवते काय? तर म्हणे, काहीच ठरत न्हाई, दोन घास खाल्ले की उलटून पडतं, डोहाळेच लय कडक हायत. पोट कधी दुखतं का? दुखतं की, लेकरू फिरतंय. शौचाला? ते बी चार-चार दिवस होत न्हाई, पोटुशीचं असंच असतं. प्रत्येक दुखण्याला धुरपताबाईकडे उत्तर तयार होतं आणि प्रत्येक उत्तर गोड होतं.

मी मास्तर असलो तरी तीन लेकरांचा बाप आहे. पोट खालून वर येतं हे मी घरात पाहिलेलं. कोकिळाची गाठ बेंबीच्या वर होती, डाव्या बरगडीखाली, पदरावरूनही दिसत होती. मी हे बोलून दाखवलं तर धुरपताबाई म्हणाली, देवीचा गर्भ वरच धरतो, बाबानं आधीच सांगितलंय. मी कपाळावर हात मारून घेतला.

माझा मेहुणा वाल्मीक सरळ माणूस होता. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, उद्याच्या उद्या हिला गंगाखेडहून आगगाडीनं परभणीच्या दवाखान्यात नेऊ. तो घाबरला. बाबानं पोटुशीला गंगा ओलांडायची मनाई केली होती. आता आमच्या मुलखाचा नकाशा बघा. गाव नदीच्या ह्या काठाला, आणि मोठा दवाखाना, मोठा डॉक्टर, जे काही आहे ते नदीच्या त्या काठाला. बाबा काय वेडा होता? त्यानं बरोबर तिथंच रेघ मारली होती.

वाल्मीक म्हणाला, गेल्या साली पार्वतीबाईच्या सुनेनं ऐकलं न्हाई. तिचं बी असंच पोट आलतं. उपासाच्या दिवशी कोरभर भाकर खाल्ली म्हणं, देवी कोपली, ओकून ओकून मेली बिचारी. पार्वतीबाई म्हणजे पलीकडच्या आळीतली विधवा म्हातारी. तिला एकच लेक आणि एकच सून होती. म्हणजे कोकिळा पहिली नव्हती. वाल्मीक मात्र हे मला बाबाचा पुरावा म्हणून सांगत होता!

दुसऱ्या दिवशी मी धुरपताबाईनं वळलेली एक वात घेऊन पारावर गेलो. सरळ पुढं होऊन म्हटलं, बाबा, ही आमच्या घरची वात. एवढी पेल्यात विरघळवून दाखवा.

बाबा जराही बिचकला नाही. हसला. "मास्तर, ही पाण्यात कशी विरघळंल? माझी वात सिद्ध केलेली हाय. तुमची पोटातल्या अग्नीत विरघळती. तुमी शाळेत पोरास्नी ग म भ न शिकवा, इथं खामखा अक्कल पाजळू नका."

गर्दी खदखदा हसली. मी विचारलं, पोटातल्या अग्नीत विरघळते हे कुणी पोटात जाऊन बघितलं? तर मागून कोणी म्हणालं, हा रझाकारांच्या वेळी पळून गेलता का हितंच होता, देवधर्म काहीच न्हाई ह्याला. माझा पारा चढला. मी तोंडाला येईल ते बोललो, आणि बोलण्यानं होतं काय? पालथ्या घड्यावर पाणी. ज्यांना शहाणं करायला गेलो त्या बायांनीच मला पारावरून खाली उतरवलं. उतरता उतरता माझा पाय एका समुद्राला लागला आणि वाटी कलंडली. बाबा एवढा वेळ निवांत होता, तो एकदम ताडकन उठला, आपल्या हातानं वाटी सरळ केली आणि आधी पाणी भरलं. देवी, भक्त, सगळं सोडून आधी पाणी.

ते मला खटकलं. घरापर्यंत खटकत राहिलं. आणि धुरपताबाईच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तेव्हा लख्ख उजेड पडला. तिथं गुळाची ढेप ठेवलेली लाकडी घडवंची होती, आणि तिचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत! मुंग्या चढू नयेत म्हणून. माझी आई हेच करते, तुमची आई हेच करते, त्या पारावर हात जोडणारी प्रत्येक बाई घरी हेच करते. कापसाच्या वातीला कधी मुंग्या लागतात का हो? साखरेचा पाक ओढून तार काढायची, तारेला पीळ द्यायचा, झाली सिद्ध वात. जत्रेत हलवाई ह्याच तारा कागदात बांधून पोरांना विकतो. कोमट पाण्यात विरघळायला तिला देवी कशाला पाहिजे?

मी कोकिळाला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून बाळासाठी एक कुंची शिवत होती, लाल खणाची. ऐकून घेतलं तिनं. मग सुई बाजूला ठेवून म्हणाली,

"दादा, सात वर्षांनी समदे माझ्याशी नीट बोलायलेत. तुला एवढं बी बघवंना का?"

मी उठून ओसरीवर गेलो आणि धुरपताबाईवर संतापलो. म्हटलं, आत्या, माझं ऐकू नका, बाबाचंही ऐकू नका. तुमच्या हातची वात तुमच्या तांब्यात टाका. पोट काय वेगळं असतंय? कोमट पाणी घाला, ताक घाला, लिंबू पिळा, पाहिजे तर चुलीच्या वैलावर ठेवा. दुपारपर्यंत बघा. विरघळली तर मी पारावर येऊन बाबाचे पाय धरीन आणि मुकाट सेलूला जाईन. ती तोंड फिरवून आत गेली.

दोन दिवस तसेच गेले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी कोकिळाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. हिरवं ओकायला लागली. ओरडायचंही त्राण नव्हतं, नुसती पाय पोटाशी घेऊन कण्हत होती. वाल्मीक धावत बाबाकडे गेला आणि निरोप घेऊन आला: मामाची नजर लागलीय, मामाला शिवेबाहेर काढा आणि आज एकाऐवजी दोन वाती द्या.

मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, आता हिच्या तोंडात कापसाचा धागा जरी गेला तरी मी एकेकाचे हात मोडीन. भावकीतले चार जण मला धरायला पुढं आले. खरोखर हातघाईवर आलं असतं, तेवढ्यात धुरपताबाई आतून आली. तिच्या हातात तांब्या होता. तिनं तो ओसरीवर उपडा केला. ताक, लिंबाची साल, आणि मधे तिची अंगठ्याएवढी वात. जशीच्या तशी.

"मास्तर म्हणले त्याच दिवशी टाकलीती," ती म्हणाली. "रोज बघायलेय. रोज तशीच. वाल्या, गाडी जुंप."

तिनं ते त्याच दिवशी सांगितलं असतं तर! पण तेव्हा भांडायला वेळ नव्हता. गंगाखेडपर्यंत बैल असे हाणले की त्यांच्या तोंडाला फेस आला. आगगाडी नदीच्या पुलावर आली तेव्हा वाल्मीकनं डोळे मिटून घेतले, आणि धुरपताबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घट्ट धरून ठेवलं. पूल संपला. कोकिळा कण्हत होती, म्हणजे जिवंत होती. तिचं कण्हणं ऐकून मला बरं वाटलं, असले ते दिवस होते.

परभणीच्या दवाखान्यात हैद्राबादेत शिकलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच सांगितलं की हा गर्भ नाही. बाई केस खाते का, माती खाते का, असं विचारलं. धुरपताबाईनंच सांगितलं, खाली मान घालून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी वाती हा शब्द तिच्याकडून परत एकदा वदवून घेतला, इतकं त्यांना ते खरं वाटेना. मग मात्र क्षणाचाही वेळ घालवला नाही.

पोटातून जे निघालं ते त्यांनी आम्हाला परातीत दाखवलं. कापूस, तूप, अन्नाचे कण, सगळं चेचून घट्ट झालेला एक गोळा, जठराच्याच आकाराचा. त्याचं एक शेपूट तुटून आतड्यात उतरलं होतं आणि तिथं बुचासारखं बसलं होतं. म्हणून खालची वाट बंद, म्हणून अन्न वर, म्हणून पोट फुगलेलं. आणखी एखादा दिवस गेला असता तर आतडं सडून फुटलं असतं, असं त्या म्हणाल्या. माणसाच्या पोटात भाकरी जिरते, भाजी जिरते, मटण जिरतं. कापूस जिरत नाही. गाय-बैलाचं पोट निराळं आणि आपलं निराळं. एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला माझ्या बहिणीचं पोट फाडावं लागलं.

कोकिळा वाचली. शुद्धीवर आली तेव्हा तिनं पोटावरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी रोज बोलायचे रे त्याच्याशी." मी बाहेर जाऊन व्हरांड्याच्या खांबाला धरून रडलो.

वाल्मीकला तिच्यापाशी ठेवून मी आणि धुरपताबाई गावी परतलो. गोळ्यातल्या वरच्या थरातला एक तुकडा डॉक्टरीणबाईंकडून मागून फडक्यात बांधून घेतला होता. पारावर गर्दी तशीच होती. बाबानं तोवर गावात पसरवलं होतं की मास्तरानं सरकारी दवाखान्यात नेऊन देवीचा गर्भ कापून काढला. आम्हाला बघून बाया बाजूला सरकल्या, कोणी कोणी थुंकल्या.

मी फडकं सोडलं. बाबा म्हणाला, सेलूच्या कापूस गिरणीतून कचरा आणला का मास्तर? परत हशा. मी बोलायला तोंड उघडलं, पण धुरपताबाईनं मला मागं सारलं. तिनं त्या तुकड्यातून एक वात ओढून काढली, काळवंडलेली, पण पीळ शाबूत. धुरपताबाई डावखुरी आहे. तिच्या वातीचा पीळ उलटा पडतो, आणि त्यावरून गावातल्या बाया जन्मभर तिची थट्टा करत आलेल्या. तिनं ती वात पुढच्या बाईच्या हातात दिली. त्या बाईनं दुसरीच्या. पीळ बघताच सगळ्यांनी तो ओळखला.

मग ती सरळ चौरंगापाशी गेली. बाबा हां हां म्हणेपर्यंत तिनं चांदीची डबी उचलली, एक सिद्ध वात काढली आणि आपल्या जिभेवर ठेवली. सगळी गर्दी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"गोड हाय," ती म्हणाली. मग बाबाकडे वळली. "आमच्या लेकीबाळींच्या पोटात कापूस, अन् तुझ्या डबीत साखर?"

डबी बायांमधून फिरली. एकेकीनं जीभ लावून बघितली. मी त्या चार वाट्यांकडे बोट दाखवून विचारलं, बायांनो, तुमच्या गुळाच्या घडवंचीखाली किती समुद्र आहेत? तेव्हा कुठं माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एवढ्या गडबडीत बाबा पिंपळामागून कधी सटकला ते कळलं नाही. तुपाचे तांबेही त्याच्याबरोबर गेले. गडी फरार, पण हिशेबाला पक्का.

डबी सगळ्यात शेवटी पार्वतीबाईच्या हातात आली. तिनं वात जिभेला लावली आणि थुंकून टाकली. मग खाली बसली. मला म्हणाली, "मास्तर, मग माझ्या सुनेच्या पोटात बी हेच व्हतं? तिनं भाकर खाल्ली म्हणून मी तिला शेवटपर्यंत बोल लावले की रे."

मी तिच्याजवळ खाली बसलो.

मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर गाव शहाणं होईल. झालं थोडंफार. पण पुढच्याच साली पालमहून आलेला एक माणूस सांगत होता की तिकडे कोणी तरी बाबा आलाय, पोटदुखीवर मंतरलेला दोरा गिळायला देतो, आणि त्याचा दोरा पाण्यात विरघळतो. माझं डोकं फिरलं. मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एसटी पकडली. दर वेळी मी कुठं कुठं धावू?

म्हणून हे लिहून ठेवतो. देव मानू नका असं मी कोणाला म्हणत नाही, ते ज्याचं त्यानं बघावं. माझं एवढंच मागणं आहे. कोणी चमत्कार दाखवला तर त्याच्या डबीतली वात बघून हात जोडू नका. आपल्या हातची वात आपल्या तांब्यात टाका आणि दुपारपर्यंत थांबा. त्याला ना विद्या लागते, ना पैसा. धुरपताबाईनं ते केलं म्हणून आज कोकिळा आहे. पार्वतीबाईच्या सुनेला तेवढी एक दुपार कोणी दिली नाही.